एकशे एकसष्ट भागिले तेवीस

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच. हे अभिमानाने सांगत नाही. दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावतात, तशा हेतूने सांगतोय. जव्हारच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. विभवांतराला विद्युतधारेने भागलं की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की शक्ती. ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलीत, की झोपेतसुद्धा चुकायचो नाही. चुकलो तो चांगला जागा असताना.

पोशेऱ्याला माझा थोरला भाऊ आणि वहिनी यांचं घर. दादा वर्षातला बराच काळ ठाण्याला बांधकामावर असतो. वहिनीने पडवीत पिठाची चक्की बसवली, ती मुळात त्याच्यामागे जायला लागू नये म्हणून. पूर्वी ती साइटवरच्या पत्र्याच्या खोपीत राहून आली होती. त्याबद्दल एवढंच बोलायची, “तिथं कुनी कुनाचं नसतं.” दादाला तिने सोबत यावं, दोघांनी मिळून कामाला जावं, असं वाटे. शेवटी त्याने मुदत दिली : होळीपर्यंत चक्की धड चालली तर राहा गावात. नाहीतर सण झाला की बोचकं बांध.

होळी तोंडावर आली. कामाला गेलेली माणसं पाड्यावर परतली, आणि पडवीत नागलीचे नि तांदळाचे डबे दारापर्यंत आले. मीही सुट्टीला गेलो होतो. पण घराघरात टीव्ही, पंखे, टेप चालू. आमचा पाडा विजेच्या लाइनीच्या पार शेवटी. बल्ब असा मिणमिणत होता, की काजव्याला स्वतःबद्दल बरं वाटावं. वहिनीने चक्की बंद ठेवली होती आणि दारात बायका कावल्या होत्या.

“होळी झाल्यावर पीठ देशील का गं?” एक म्हातारी म्हणाली. “तवा काय राखंत कालवू?”

वहिनी माझ्याकडे वळली. “भावोजी, लाइट लई कमी हाय. चालवू का नको?”

‘नको’ म्हटलं असतं तर म्हातारीने आणखी दोन टोमणे मारले असते, बस. पण इतक्या बायका मान वर करून एखाद्या विज्ञान शिक्षकाकडे बघतात, असे प्रसंग आयुष्यात किती येतात? मी पिशवीतून शाळेचं मीटर काढलं. विजेचा दाब भरला एकशे एकसष्ट व्होल्ट. मोटरवरची पाटी वाचली : दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. चुलीतला कोळसा आणून भिंतीवर लिहायला लागलो.

“मोटर म्हणजे काय, तारेचं वेटोळं. दोनशे तीस भागिले दहा, तेवीस ओहम. हा झाला रोध. आता दाब एकशे एकसष्ट. भागिले तेवीस…”

सात. पुरते सात, बाकी शून्य. पाठ्यपुस्तकातल्या गणितात भाग निःशेष गेला की उत्तर बरोबर असतं, ही आम्हा मास्तर लोकांची श्रद्धा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“दहाच्या जागी सातच अँपिअर. सात गुणिले एकशे एकसष्ट, म्हणजे शक्ती निम्म्यावर आली. मोटर आराम करतेय, वहिनी. हळू दळेल, पण जळायची नाही. खुशाल टाका दळण.”

“बघा,” म्हातारी म्हणाली, “शिकल्यालं माणूस घरात असलं म्हंजी!”

वहिनीने खटका दाबला, नागली ओतली. पट्टा रखडत फिरला. दगड जड झाले. मोटर घुं करत राहिली.

“भावोजी, वास येतोय.”

“नव्या मोटरचं वार्निश तापतं, त्याचा.” हे मी धुरात उभा राहून, खोकत सांगितलं.

मग घुं थांबलं. चक्कीच्या ओढीने विझत आलेला बल्ब भार उतरल्याबरोबर मघाइतका उजळला. तेवढ्यातही सगळ्यांना माझं तोंड स्पष्ट दिसलं.

झालं होतं एवढंच, की विजेच्या शेगडीचा हिशेब मी मोटरला लावला. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, आणि तोच धारेला आवरून धरतो. दाब अपुरा पडला, दगडाच्या ओझ्याखाली मोटर मंदावली, की हा लगाम सुटतो. धारा कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि तार जळते. हे मी कॉलेजात लिहून गुण मिळवले होते. माझं मीटर चिमट्याचं. चिमट्यात वायर धरली असती तर धारा डोळ्यांना दिसली असती. पण ती गणिताने काढता येत असताना मोजायची कशाला!

दुसऱ्या दिवशी दादा आला. मोटरकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

“दादा, चूक माझी आहे.”

“तू कशाला अंगावर घेतो? हिनंच घाईनं भरमसाट वतलं आसंल.”

“अरे, माझा हिशेब चुकला. मोटरची जळलेली तार नव्याने भरून आणू आपण, मी नेतो मोखाड्याला.”

“तुजा हिशोब चुकंल?” दादा हसला. “मंग तुला शिकवाया मी इतकी वर्सं घमेली कशापायी उचलली?”

वहिनी शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी आणखी काही बोलतो का म्हणून. मी आणखी दोनदा तेच सांगितलं. दादाला ते लहान भावाचं चांगुलपण वाटलं. वहिनीला म्हणाला, बघ, तुझ्यासाठी माझा भाऊ खोटंपण बोलतो. मुदत होळीची होती आणि होळी झाली.

ठाण्याला निघालेल्या त्या दोघांना मी मोखाड्याच्या स्टँडवर जीपला बसवायला गेलो. दादा पुढे ड्रायव्हरशी बोलत होता. वहिनी बोचकं मांडीवर घेऊन मागे.

“भावोजी, पोरांना बी हेच शिकवता?”

“शेगडीपुरतं ते बरोबरच आहे, वहिनी.”

“मंग तवाच शेगडीपुरतं म्हनायचं हुतं,” ती म्हणाली, आणि आणखी एका माणसाला बसता यावं म्हणून आत सरकली.