तिसऱ्या कोपऱ्यातलं स्टूल

येसाजीराव टाकळकर वस्तादांची आणि माझी पहिली भेट पिंपरीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर झाली. सैन्यात बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात नाव गाजवून निवृत्त झालेले वस्ताद तिथे पहारेकऱ्यांचे जमादार होते आणि मी टेंपररी टर्नर. माझे खांदे न्याहाळून ते म्हणाले, "गड्या, ठोसा मारतोस का नुसताच जेवतोस?" त्याच आठवड्यात मी दिघीच्या माळावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाखल झालो.

शेड म्हणजे तालीमच, फक्त मातीऐवजी दोरांची रिंग. आधी मारुतीला नमस्कार, मग कोपऱ्यातलं एक लाकडी स्टूल टॉवेलनं पुसायचं आणि त्यानंतरच हातमोजे चढवायचे, असा दंडक होता. रिंगच्या दोन कोपऱ्यांत लढणाऱ्यांची स्टुलं असतात. हे तिसऱ्या, रिकाम्या राहणाऱ्या कोपऱ्यातलं. त्यावर कुणीच बसायचं नाही.

"कोरडं स्टूल काय पुसायचं, वस्ताद?" मी हसत विचारलं.

"कोरडं हाय तवर हसून घे."

जुन्या शिष्यांकडून कारण कळलं. ऐन उमेदीत, पलटणीच्या सामन्यात वस्तादांच्या ठोशानं बलबीर नावाचा जवान पडला, तो पुन्हा उठलाच नाही. ते स्टूल त्याच्यासाठी. त्यानंतर वस्ताद कधी लढले नाहीत. आमच्याशी खेडकडची मराठी बोलणारे वस्ताद शेडमध्ये एकटे असले की हिंदी बोलत. बोलत, थांबत, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान हलवत आणि पुन्हा बोलत. एकदा भर दुपारी ते कानावर पडलं, तेव्हा मी आणलेला चहा दारातच ठेवून मागं फिरलो.

एरवी माणूस लोण्याहून मऊ. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या पत्नीच्या, आमच्या काकींच्या, हातची पेज घेऊन ते सायकलवरून रोज खोलीवर येत आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहत. माझ्या वडिलांनीही माझं इतकं केलं नसेल.

मग कारखान्या-कारखान्यांमधले सामने आले. जिंकलास तर कायम करू, असं साहेबांनी मला सांगितलं होतं. घरी लग्नाची बहीण होती, त्यामुळे माझा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता. मैदानावर रिंग बांधली आणि वस्तादांनी आपलं स्टूल तिसऱ्या कोपऱ्याबाहेर मांडायला लावलं. पंच कुरकुरले. वस्ताद म्हणाले, "त्ये न्हाई, तर आमी बी न्हाई."

माझ्यासमोर चाकणच्या बाजूच्या कारखान्याचा प्रकाश नावाचा गडी होता. शेवटच्या फेरीत तो दोरांना टेकला, त्याचे हात खाली आले. आता एकच ठोसा हवा होता. मी उजवा हात मागे घेतला आणि तेवढ्यात पायाशी टॉवेल येऊन पडला. लढणाऱ्याच्या गुरूनं टॉवेल टाकला की हार कबूल. माझ्याच गुरूंनी जिंकत आलेल्या मला हरवलं होतं! मैदान हुर्यो करू लागलं. मी रडत त्यांच्यावर धावून गेलो, तोंडाला येईल ते बोललो.

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. रणरणत्या उन्हात ते स्टूल भिजलं होतं. बैठकीवरून थेंब खाली मातीत पडत होते. मी हात लावला. घाम होता, कोमट. आसपास पाण्याचं भांडंही नव्हतं.

एवढ्यात मागं गलका झाला. पंचांनी विजयी म्हणून ज्याचा हात वर केला होता, तो प्रकाश पायऱ्या उतरता उतरता कोसळला. पुण्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, तो वाचला. डोक्यात रक्त साकळत होतं, आणखी एक ठोसा बसता तर आटोपलंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो ठोसा माझा असता.

नोकरी गेली. पुढे भोसरीत दुसरी मिळाली, बहिणीचं लग्नही उशिरा का होईना, झालं. रात्री मला शांत झोप लागते, ही वस्तादांची देणगी. त्या घामाचा उलगडा मात्र मला कधीच झाला नाही, आणि आता व्हायलाही नको.

वस्तादांच्या वाढदिवसानिमित्तच्या या लेखासाठी परवा त्यांच्या घरी गेलो होतो. प्रकाश सहकुटुंब आला होता. त्याची धाकटी मुलगी वस्तादांच्या पाया पडली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "आजोबा, शंभर वर्षं जगा."

वस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाले, "सुना, बलबीर? हम दोनों को बोल रही है."

काकी नेहमीसारख्या चहा ओतत राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला, तरी हात आपोआप जोडले गेले. वस्ताद, त्या पोरीच्या तोंडात साखर पडो. तुम्हा दोघांनाही उदंड, निरोगी आयुष्य लाभो.