चरांचा किल्ला

वर्ल्ड कपच्या तयारीत सगळं दोहा खणून ठेवलं होतं, त्यामुळे दिवाळीच्या किल्ल्याला मातीची ददात नव्हती. अल मुंतझातल्या आमच्या बाल्कनीत किल्ला दरवर्षी मीच करायचो. लेक दारातून डोकावून "नाइस, बाबा" म्हणायची आणि परत आयपॅडकडे. मराठी तिला कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. एकदा तरी तिने आपणहून किल्ला करावा, एवढंच मला हवं होतं. ते होत नव्हतं आणि मला वाईट वाटायचं.

रास लफानच्या गॅस प्रकल्पावर माझ्याबरोबर एक माओरी इंजिनिअर होता. माझं गडपुराण ऐकून कंटाळला असावा. "आता आमचाही एक बघ," म्हणाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी न्यूझीलंडला गेला, तेव्हा आम्हीही गेलो.

त्याने दाखवलेल्या गडावर बघण्यासारखं काही नव्हतं. बुरूज नाही, दरवाजा नाही. गवताळ टेकडी आणि तिच्यावर वाकडेतिकडे चर. इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या की त्याचे पूर्वज त्या चरांत बसून लढायचे. लेक त्याच्या मागे मागे चरांतून फिरत राहिली. मी सवयीप्रमाणे जरा बरी जागा बघून दशम्यांचा डबा उघडला. गडावर जायचं आणि वर बसून जेवायचं नाही, हे आम्हाला ठाऊकच नाही.

त्याने झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. "इथे नको. इथे माझी माणसं पडलीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली फाटकापाशी त्याने बाटलीतलं पाणी सगळ्यांच्या हातांवर घातलं. अशा जागेवरून निघताना हात धुवायचे, ही त्यांची रीत. मग गाडीजवळ जेवलो.

दिवाळीत मी माती चाळायला बसलो, तर तिने चाळणी काढून घेतली. "आय विल डू इट."

बुरूज तिने केलेच नाहीत. चमच्याने वाकडेतिकडे चर खणले आणि माझे मावळे त्यांत बसवले, डोकी तेवढी वर. हा कसला किल्ला, असं अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. दरवर्षीसारखी फराळाची ताटली मी किल्ल्याशेजारी ठेवली आणि चकली उचलली.

तिने माझ्या हातातली चकली काढून घेतली, ताटली आत नेली आणि तांब्याभर पाणी घेऊन बाल्कनीच्या दारात उभी राहिली.

"आधी हात धू, बाबा," ती मराठीत म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले.