कंदील कुणाच्या तोंडाशी

सातवीत असताना मोठ्या तापात माझे कान गेले आणि त्यापाठोपाठ शाळाही सुटली. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, आणि पाठीवरून काही वाचता येत नाही. घरच्यांचे ओठ मात्र मला हळूहळू वाचता यायला लागले. लग्न होऊन रत्नागिरीकडून बुऱ्हाणपूरला आले तेव्हा कळलं, की ओठांनाही गाव असतं. इथल्या मराठीत निम्मी हिंदी, वर खानदेशी वळण, आणि सासऱ्यांना झुपकेदार मिशी. पहिली दोन वर्षं मी मान डोलावण्यातच काढली. कळलं तरी हो, नाही कळलं तरी हो. परत पाठवतील, ही धास्ती. तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं, उलट सगळे जीव लावायचे. पण धास्ती थोडीच कुणाला विचारून येते.

घर शनवारा मोहल्ल्यात, भिंतीला लागून शेजारचे पावरलूम, विजेवर चालणारे कापडाचे माग. त्यांचा खडखडाट मला ऐकू येत नसे, पण तळपायांना कळायचा. फरशीची थरथर थांबली की लाईट गेली. एवढी एक गोष्ट तरी मला घरातल्या बाकीच्यांबरोबरच समजायची, याचं बरं वाटायचं.

वैशाख सरता सरता इथे वावधान सुटतं. आधी धुळीचा लोट, मग झाडं झोपवणारा वारा. घड लागलेली केळ अशा वाऱ्यात कमरेतून मोडते. म्हणून आभाळ पिवळं पडलं की सासरे आणि हे तापीकडच्या शेतात झाडांना टेकू द्यायला पळायचे. घरात मागे आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते, इकडची तशीच रीत आहे. आत्याबाई माठ भरून ठेवायच्या, गच्चीवरचे पापड खाली आणायच्या, कंदिलाची काच राखेनं पुसायच्या. बाळ झाल्यावर माझ्यासाठी एक जादा तयारी सुरू झाली. झोळीची दोरी माझ्या मनगटाला बांधायची. अंधारात बाळाचं रडणारं तोंड मला दिसणार नाही, पण ते हललं तर कळेल.

आणि पेटवलेला कंदील तर मी या घरात आल्यापासूनच माझ्यापुढे ठेवायचा. हिला ऐकू येत नाही, निदान उजेड तरी हिच्याजवळ असू दे, असं त्यांचं म्हणणं. शेजारणी आल्या तरी त्याही तो माझ्याकडे सरकवायच्या. मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी उजळून बसायची आणि बोलणाऱ्यांची तोंडं सगळी काळोखात. इतक्या मायेनं पुढे केलेला कंदील मागे सारायची माझी हिंमत नव्हती.

त्या वर्षी वावधान आलं तेव्हा बाळाच्या अंगात ताप होता. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं. एकदा पाजलं की सहा तास पुन्हा द्यायचं नाही, लहान जिवाला बाधेल, असं त्यांनी बजावलं होतं. संध्याकाळी मी अंगणातले कपडे गोळा करून आत आले आणि फरशी थांबली. आत्याबाईंनी सवयीनं कंदील माझ्यापुढे ठेवला, दोरी माझ्या मनगटाला बांधली, मग झोळीपाशी जाऊन काहीतरी बोलल्या. मला हलणारी सावली दिसली. मी मान डोलावली.

थोड्या वेळानं दोरीला हिसका बसला. बाळाचं अंग चटका लागेल असं तापलेलं. मी बाटली काढली, चमचा भरला, बाळाच्या ओठांशी नेला, तोच कुणीतरी माझा हात घट्ट धरला. औषध साडीवर सांडलं. आत्याबाई भराभर बोलत होत्या, एवढं हातवाऱ्यावरून कळत होतं. मी पुन्हा मान डोलावली.

त्या थांबल्या. वाकून कंदील उचलला आणि स्वतःच्या हनुवटीशी धरला. खालून उजेड पडल्यानं चेहरा भेसूर दिसत होता, पण ओठ अगदी स्पष्ट.

"मी आत्ताच पाजलं त्याला. तुला सांगितलं, तर तू हो म्हटली."

"दिसलं नाही."

"काय नाही दिसलं?"

"तुमचं तोंड."

त्यांनी एकदा कंदिलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अव माय, मग दोन वर्षं आम्ही काय तुझी आरती करून राहिलो?"

मला हसूही येईना आणि रडूही.

"मग हो कशाला म्हणते?"

"भीती वाटते."

"भ्यायचं तर या बाटलीला भी. मला काय भेते?" चमचा पदराला पुसून त्यांनी बाटली फळीवर ठेवून दिली.

बाप-लेक शेतातून परतले तोवर बाळाच्या कपाळाला घाम सुटला होता, ताप उतरणीला लागला होता. सासरे चिखलाच्या पायांनी दारातूनच बोलायला लागले. आत्याबाईंनी कंदील त्यांच्या हातात दिला. "आधी तोंडाशी धरा, मग बोला."

त्यांनी गोंधळून धरला आणि काहीतरी म्हणाले. पहिला शब्द केळी, पुढचं सगळं मिशीत गेलं. माझी मान हलायला लागलीच होती.

"नाही समजलं," मी म्हटलं.

सासऱ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. मग एका हातात कंदील, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मिशी वर उचलली आणि सावकाश म्हणाले, "केळी अर्धी झोपली. अर्धी उभी आहे."