गगनबावड्याची 'कायमची बंद' खानावळ

"मॅडम, मी बंद झालोय व्हय?"

शालनताईंचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या एका बेकरीत बिलाच्या प्रिंटरशी झटापट करत होते. छोट्या दुकानदारांची, गिरणीवाल्यांची, खानावळवाल्यांची असली कामं करणं हाच माझा उद्योग. फोनच्या नकाशावर दुकान दिसेल असं करायचं, फोटो चढवायचे, पैसे घ्यायचा कोड चिकटवून द्यायचा. गगनबावड्याच्या अलीकडे एका वाडीत शालनताईंची घरगुती खानावळ आहे, वर राहायला दोन खोल्या. त्यांची नकाशावरची नोंद दोन वर्षांपूर्वी मीच केली होती, तीही इथं कोल्हापुरात बसून, फोनवरून. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं.

नकाशा उघडला. त्यांच्या खानावळीच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कायमचे बंद'.

"मी तर आमटी चुलीवर ठेवून आलोय," त्या म्हणाल्या. (आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात, दचकू नका.) त्यांच्या आवाजामागे आणखी चारपाच आवाज येत होते. कुणी खताचा भाव विचारत होतं, कुणी रडत होतं, कुणी नुसतं "हां, हां" करत होतं. हे एकमेकांशी बोलत नाहीयेत, एवढं मला जाणवलं. बाजारात असतील, असं धरून मी सोडून दिलं.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. 'इथे असे काही नाही.' 'नुसते गेट आहे, मागे घरच नाही.' 'तासभर शोधले. जागा अस्तित्वात नाही.' इतक्या जणांनी तक्रार केल्यावर नकाशानं आपणहून खानावळ बंद करून टाकली होती.

शालनताईंची खरी अडचण वेगळीच होती. त्यांचे घरमालक इथं कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहतात. त्यांनी फोनवर ती लाल अक्षरं पाहिली आणि कळवलं की धंदा बंदच केला असेल तर घर रिकामं करा, दुसरा भाडेकरू तयार आहे. रविवारी ते स्वतः येणार होते.

"चालू हाय म्हटलं मी. तर म्हणत्यात, मग फोन का खोटं बोलंल?"

नोंद दुरुस्त करायला नकाशा खानावळीचा व्हिडिओ मागत होता. ते लांबून होणार नव्हतं. शिवाय चूक माझी असेल, तर निदान तोंड तरी दाखवायला हवं. शुक्रवारी सकाळी निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: गगनबावड्याच्या एसट्या रंकाळा स्टँडवरून सुटतात, बायकांना अर्धं तिकीट. मी माझी जुनी गाडी काढली. पंचावन्न किलोमीटरच्या आसपास अंतर, पण पावसाळा सरत आला असला तरी दोन तास धरा. बालिंग्याचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस. कळ्यात थांबून कांदाभजी आणि चहा घेतला, पन्नास रुपयांत झालं. "वर धुकं लई हाय," भजीवाला म्हणाला. "दिवे लावून जावा." सकाळचे दहा वाजले होते आणि खाली ऊन होतं. मी हसले.

असळजच्या पुढे हसू गेलं. ऊस संपला, झाडं संपली, मग रस्त्याची कडही संपली. काचेपुढं पांढरं, आरशात पांढरं. फोनमधली बाई मात्र निवांत होती. दोनशे मीटरवर डावीकडे वळा. सरळ चालत राहा. मी तिच्या जिवावर चालले होते, आणि तिला कुणी सांगितलं होतं? मीच.

एका कच्च्या वाटेवर ती म्हणाली, "तुम्ही पोहोचला आहात."

समोर लोखंडी गेट होतं. दोन खांब, गंजलेलं कुलूप, आणि मागे काही नाही. घर नाही, भिंत नाही, धुकं. अभिप्रायात लिहिलं होतं अगदी तसं. मी गाडीतून उतरले आणि तिथंच थबकले.

धुक्यात माणसं उभी होती. पाच की सहा, मोजता येईनात. एकमेकांपासून लांब लांब, कुणी कुणाकडे न पाहता. सगळ्यांची तोंडं दरीकडे. आणि सगळी बोलत होती. एक बाई पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "खाल्लंस का? मग खा की." एक पुरुष हात हलवून शून्याला दटावत होता. माझ्याकडे कुणीही वळलं नाही. एका खांबाच्या बुडाशी नारळ ठेवला होता, हळदकुंकू वाहिलेला.

खरं सांगायचं तर मी परत गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या, चाळीशी उलटलेली, विज्ञान शाखेची पदवीधर बाई मी.

काचेवर टकटक झाली. कांबळ्याची खोळ घेतलेला एक म्हातारा वाकून बघत होता. मागं म्हैस.

"पावणं, तुमी बी त्या हाटेलाला आलासा न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"समदी हितंच येत्यात. गाडी थांबती, आतली बाई बोलती, पोचला म्हणती. मग उतरत्यात, गेटाकडं बघत्यात, आन जात्यात. परवा एका कुटुंबानं हितं सतरंजी टाकली, वाट बघत बसली हुती. कुणाची वाट, ते त्यास्नीच म्हाईत न्हाय." त्यानं नारळाकडे बोट केलं. "म्हणून ठेवलाय. सारखं कोण पोचतंय हितं, काय ठावं."

"पण तुम्ही त्यांना खरा पत्ता का नाही सांगितला?"

"इचारलंय कुणी? फोनला इचारत्यात." म्हाताऱ्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "शालनचं घर ते खाली. पाऊण किलोमीटर. भाकरीचा वास येतोय की तुमास्नी." मला नव्हता येत.

तेवढ्यात त्या उभ्या माणसांतली एक बाई फोन बंद करून माझ्याकडे चालत आली. जवळ येईपर्यंत तिला चेहरा नव्हता. "मॅडम? तुमालाच लावत हुतो. हितं कुठं आलासा?"

शालनताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हाताला नाचणीचं पीठ लागलेल्या.

"तुम्ही इथं काय करताय?" मी विचारलं.

"रेंजला आलोय की."

वाडीत कुठल्याच घरात रेंज नाही. ती फक्त या गेटापाशी येते, कुणी बाहेरगावचा बंगला बांधायला निघाला आणि गेटावरच थांबला, त्या जागी. अख्खी वाडी इथं येऊन बोलते. दरीकडं तोंड केलं की आवाज स्वच्छ येतो म्हणे.

मी गाडीला टेकून फोनवरचा आमचा दोन वर्षांपूर्वीचा संवाद वर सरकवत नेला. माझा निरोप होता, 'ताई, तुम्ही आत्ता आहात तिथलं लोकेशन पाठवा.' खाली त्यांचा आवाज, सहा सेकंदांचा. मी लावला. "थांबा मॅडम, रेंजला जाऊन पाठवतो."

त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. सरळ सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं, खाली अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. रेंजला जाऊन म्हणजे कुठे जाऊन, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. त्या दिवशी माझ्या यादीत अकरा नोंदी होत्या आणि मला त्या संपवायच्या होत्या.

"माझी चूक आहे ताई," मी म्हणाले.

"आसंल," त्या म्हणाल्या. समजूत नाही, राग नाही. "रविवारच्या आत निस्तरंल काय, ते सांगा."

व्हिडिओ एकसंध हवा होता: आजूबाजूचा परिसर, पाटी, आतलं स्वयंपाकघर. सुरू करायला नेट लागतं, आणि नेट गेटापाशी. म्हणून आम्ही गेटापासून चालत, न थांबता घरापर्यंत चित्रण करायचं ठरवलं. शालनताई पुढे, फोन धरून मी मागे. दहा पावलांवर त्या दिसेनाशा झाल्या. मी फक्त त्यांच्या आवाजामागे चालले. "हितं दगड हाय. आता उतार. आता माझ्या मागनंच या, डावीकडं कडा हाय." ते वाक्य ऐकल्यावर मला त्या सगळ्या गाड्या आठवल्या. नकाशावरच्या माझ्या ठिपक्यावर येऊन, चिडून, धुक्यात मागे वळलेल्या गाड्या. डावीकडे किती फूट जागा होती, ते मी पाहायचं टाळलं.

घर मात्र होतं. निळी पाटी, सारवलेलं अंगण, आत बुद्धाच्या तसबिरीखाली दोन बाकं, भिंतीवर मीच पाठवलेला पैशांचा कोड. चुलीवर उडदाची आमटी. नाचणीची भाकरी, कुर्डूची रानभाजी, ठेचा, ताक, आणि हे सगळं एकशे ऐंशी रुपयांत. खोलीचे आठशे. गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्याकडे जेवलेली पाहुणी मी पहिली. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "खोटं न्हाय सांगत. परवा गावातल्याच एकीनं इचारलं, बंद केलंस व्हय? हितं, चुलीम्होरं बसून इचारलं. मला वाटलं, मलाच दिसतंय काय हे घर."

गेटावर परत जाऊन व्हिडिओ पाठवला. तासाभरात उत्तर आलं: 'व्यवसाय दिसत नाही.' बरोबरच होतं. निम्म्याहून जास्त व्हिडिओ पांढरा होता.

रात्री वरच्या खोलीत राहिले. शनिवारी सकाळी धुकं पंधरा मिनिटं उचललं गेलं. आम्ही अक्षरशः पळत दुसरा काढला. आता सगळं दिसत होतं. कडा वाटेपासून चार हातांवर होता. या व्हिडिओला उत्तर आलं, 'तपासणी सुरू आहे.' किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. मी ठिपका सरकवायची विनंती केली, तीही तपासणीतच. दुसऱ्या दिवशी घरमालक येणार होते आणि माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

शेवटी मी गाडीतला रंगाचा डबा काढला, एका दुकानाच्या पाटीसाठी घेतलेला. म्हाताऱ्यानं एक फळी आणून दिली. शालनताई म्हणाल्या तसं मी लिहिलं: 'तुमी अजून पोचला न्हाय. म्होरं पाऊण किलोमीटर. सावकाश, डावीकडं कडा हाय. जेवण तयार हाय.' फळी गेटाला बांधली, नारळाच्या बरोबर वर. इतक्या वर्षांच्या माझ्या कामात मी केलेली ही सगळ्यात साधी दुरुस्ती, आणि खात्रीची वाटलेली एकमेव.

घरी परतल्यावर पहिला, नाकारलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. पांढरं, पावलं, शालनताईंचा आवाज. मध्यावर, जिथं त्या कड्याबद्दल बोलतात त्याच्या जरा आधी, फोनमधली बाई म्हणते, "तुम्ही पोहोचला आहात." गेट तेव्हा बरंच मागं पडलं होतं. गाडी तिथपर्यंत आणलीच नव्हती. माझ्या पिशवीतल्या दुसऱ्या फोनमधून आलं असेल, तसं होऊ शकतं. मी आठवून पाहिलं. तो फोन बंद होता, असं मला वाटतंय, शपथेवर सांगणार नाही.

रविवारी दुपारी शालनताईंचा फोन आला. मागे तेच सगळे आवाज.

"मॅडम, मालक आलते. धुक्यात त्यास्नी बी वाट दिसंना, फोन गेटावरच घेऊन गेला. फळी वाचून खाली आले. दारात हुबं राहून म्हणत्यात, फोन तर बंद दाखवतोय. म्हटलं, बसा. तीन भाकऱ्या खाल्ल्या बंद खानावळीत!"

"मग? घराचं काय?"

"दिवाळीपर्यंत ठेव म्हणाले. म्होरचं म्होरं."

नकाशावर अजून लाल अक्षरं आहेत. तुम्ही गेलात तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, फळीवर ठेवा.

एवढ्यावर ही सहल संपायला हवी होती. पण सोमवारी मी जुनी वही काढली. तीत फोनवरून केलेल्या नोंदी, आणि फोनवर त्या प्रत्येकाच्या संवादाखाली माझं अंगठ्याचं चित्र. वरून सुरुवात केली. पहिलं नाव कळंब्याच्या एका रोपवाटिकावाल्या काकांचं.

"काका, तेव्हा लोकेशन पाठवलंत ना, ते पाठवताना तुम्ही नक्की कुठं उभे होता?"

"ते आता आठवत न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण लोकं येईनात, ते मात्र खरं हाय."