सातवं रीळ, म्हातारा, बस

देवसहायम बत्तीस वर्षं मद्रासच्या स्टुडिओंत सिनेमांचं पार्श्वसंगीत वाजवत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याचं वाजवणं कुणी ऐकलं असेल असं त्याला वाटत नव्हतं. त्याचं वाद्य व्हायोला. म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाजाने जाड आणि स्वभावाने गरीब. पन्नास जण एकदम वाजवतात तेव्हा तो आहे हे कळतही नाही. सकाळी डब्यात दहीभात घेऊन कोडंबाक्कमची बस धरायची आणि संध्याकाळी अवघडलेली मान चोळत परत यायचं, एवढंच त्याचं आयुष्य.

"नागरकोइलला चर्चमध्ये वाजवायचात, तेव्हा निदान मी तरी ऐकायचे," त्याची बायको ज्ञानम म्हणायची. "इथे कुणासाठी घासता, देव जाणे!"

मग एका संगीतकाराने चक्क एकट्या व्हायोलासाठी सव्वादोन मिनिटांचा तुकडा लिहिला. कागदावर वर लिहिलं होतं, 'सातवं रीळ, म्हातारा, बस.' तेवढंच. रेकॉर्डिंगच्या वेळी पडद्यावर सिनेमा चालू असतो, पण वादकांची पडद्याकडे पाठ असते. पडदा दिसतो फक्त समोर उभं राहून हात हलवणाऱ्या मास्टरला. मास्टर म्हणाले, "हळू घे. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे, असं वाजव."

काय ठाऊक आहे, हे देवसहायमने विचारलं नाही. मद्रासला निघाला तेव्हा त्याचा बाप बसथांब्यावर हात न हलवता नुसता उभा राहिला होता, तो त्याला आठवला. संपलं तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी कागद ठेवायच्या स्टँडवर गज टकटक आपटले. ही मंडळी सहसा आपसांतही कौतुक करत नाहीत.

"या वेळी एकट्याचं आहे," घरी येऊन तो म्हणाला. ज्ञानमने सिनेमासाठी रेशमी साडी काढली. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याकडे मागितलेलं हे एकच होतं, एकदा तरी तुमचं वेगळं ऐकू द्या.

थिएटर भरलेलं होतं. पडद्यावर संध्याकाळचा बसथांबा आला. म्हातारा पिशवीत ताडगूळ घेऊन शहरातून येणाऱ्या मुलाची वाट बघत उभा होता. देवसहायमने श्वास रोखला, आणि कुठूनसा एक चावट भोंगा वाजला. म्हाताऱ्याच्या पावलागणिक ढोलाचा दणका. थिएटर खदखदून हसलं. देवसहायमने मान खाली घातली, ती सीन संपेपर्यंत वर केली नाही. शेजारी ज्ञानमही पदर तोंडाला लावून हसत होती.

मध्यंतरात तिने विचारलं, "अहो, तुमचं कधी येतंय?"

"येऊन गेलं. त्या म्हाताऱ्याच्या वेळचं. काढून टाकलेलं दिसतंय."

तिने हातातली चकलीसारख्या मुरुक्कूची पुडी बाजूला ठेवली. उरलेला सिनेमा दोघांनी कसाबसा पाहिला.

सोमवारी स्टुडिओच्या चहावाल्याकडून कळलं. निर्मात्याला तो सीन रडका वाटला होता, म्हणून दुसऱ्या संगीतकाराने दोन दिवसांत सगळं बदलून दिलं. अशा गोष्टी वादकांना कुणी सांगायला येत नाही. येईल तरी कशाला? ज्ञानमच्या मनाला मात्र आपलं ते हसणं लागून राहिलं.

पाचेक वर्षं गेली. स्टुडिओत पन्नास वादकांच्या जागी एक यंत्र आलं आणि देवसहायम घरी बसला. एका रविवारी टीव्हीवर तोच सिनेमा लागणार होता.

"व्हायोला काढा," ज्ञानम म्हणाली.

"आता कशाला? बोटं चालत नाहीत माझी."

"काढा म्हणते ना! आणि तो कागदही काढा. पेटीत अस्तराखाली लपवलाय, मला माहीत आहे."

कागद स्टुडिओला परत द्यायचा असतो. जन्मात केलेली ही एकच चोरी, तीही बायकोने कधीच पकडली होती. सातवं रीळ आलं तसा तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि टीव्हीसमोर बसली. देवसहायम सवयीने तिच्याकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून बसला. तिने मास्टरसारखा हात वर केला आणि खाली आणला.

बोटं दोनदा घसरली. तरी तो थांबला नाही. ज्ञानमची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे लागली होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अहो, त्याला ठाऊक होतं," ती शेवटी म्हणाली. "पोरगा येणार नाही, हे बस यायच्या आधीच ठाऊक होतं त्याला. आणि मी मेली हसले होते." तिने डोळे पुसले. "गूळ कंडक्टरच्या हातात देताना तो जरासा वाकतो. पाहिलंत ना?"

देवसहायमने मागे वळून पाहिलं. टीव्हीवर गाणं सुरू झालं होतं, नायिका चहाच्या मळ्यातून मुक्याने धावत होती.

"नाही पाहिलं मी कधी," तो म्हणाला. "तू सांग. बस आली तिथपासून."