अठ्ठेचाळीस केमध्ये मावलेले चाचा

कमीत कमी जागेत जास्तीत जास्त जगलेला माणूस मी एकच पाहिला. शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये नऊ वर्षं माझ्या शेजारी बसलेले चाचा. ते टेस्टिंग खात्यात होते. घरी त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधलं एक कुटुंब देश सोडून निघालं तेव्हा त्यांच्याकडून घेतलेला. वहीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून प्रोग्रॅम भरायचा. सगळी मेमरी अठ्ठेचाळीस के, म्हणजे किलोबाइट; आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. कंपनीत नवे, मोठे कॉम्प्युटर येऊन जुनेही झाले, तरी चाचा त्याच्यावरच 'डेमो' बनवत राहिले. डेमो म्हणजे खेळ नव्हे, कामाची वस्तूही नव्हे. पडद्यावर गोळे नाचतात, अक्षरं लाटेसारखी वाहतात, मागे धून वाजते आणि तीन मिनिटांत सगळं संपतं. एवढ्याशा मेमरीतून एवढं काढून दाखवायचं, यातच सगळी मर्दुमकी. असले वेडे पोलंडात, हंगेरीत पुष्कळ होते. चाचांच्या कॅसेटी पोस्टानं तिकडे जात, तिकडच्या इकडे येत, आणि पडद्यावर काय पाहिलं ते एकमेकांना पत्रानं कळवत.

जागा वाचवायची ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की रजेच्या अर्जावर ते फक्त 'ताप' एवढंच लिहीत. सुपरवायझर भडकला, तर शांतपणे म्हणाले, "ह्यात काय कमी हाय, सांगा." मुलीच्या निकाहच्या पत्रिकेत दोन नावं, वार, वेळ आणि खाली 'या.' नातेवाईक रुसले, पण आले सगळे. मी बसमध्ये लांबण लावली की म्हणायचे, "भाऊ, मेमरीत मावंल असं बोला."

एका उन्हाळ्यात टीव्हीची डावी कड काळी पडतेय अशी त्यांची तक्रार सुरू झाली. दोनदा टीव्ही खोलला, पार्ट बदलले, मग दुसरा टीव्ही आणला. तोही तसलाच! शेवटी चाची म्हणाल्या, "टीव्हीचं काय न्हाई. डाव्या हाताच्या दाराला रोज धडकताय तुम्ही." पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नव्हती, उरलेलीही हळूहळू जाणार होती. कंपनीनं त्यांना आधी स्टोअरला टाकलं, मग घरी पाठवलं. चाचांनी कॉम्प्युटर कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि बोलणंच सोडलं. मी रविवारी जायचो, ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

ट्रंक उघडली चाचींनी. चौथी शिकलेल्या बाई, पण जावयाला बसवून घेऊन इंग्रजी अक्षरं शिकल्या. चाचा नव्या डेमोची अक्षरं, आकडे सांगत, त्या एकेक बटण दाबत आणि पडद्यावर काय झालं ते सांगत.

"गोळा खाली आला."

"गोल हाय का?"

"जरा चेपलाय."

"जरा म्हंजी किती?"

असं वर्षभर चाललं. एका रविवारी माझ्यासमोरच चाचा चाचींवर ओरडले, "तुला धड बघता पण येत न्हाई!" चाची उठल्या. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "डोळं गेलं तुमचं, जीभ न्हाई गेली. नीट इचारा, मंग सांगते." मग चाचा हळूच म्हणाले, "बरं, तो गोळा कसा हाय?"

डेमो पोलंडला गेला. तिकडच्या मेळाव्यात दाखवला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं पत्र आलं. मी ते तीनदा वाचून दाखवलं. डेमोच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं होती. चाचांनी चाचींचं आधी घातलं होतं.

त्याच हिवाळ्यात नवी कॅसेट घेऊन ते एकटेच पोस्टात निघाले. डावीकडून आलेला टेम्पो त्यांना दिसला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी चाचींकडे गेलो. तिकडं कळवायला हवं, म्हणून कागद घेऊनच गेलो होतो. पण पोलंडहून दोन कॅसेटी आधीच येऊन पडल्या होत्या.

"त्ये गेले असं लिहू नका, भाऊ," चाची म्हणाल्या. "लिहिलं तर ही पोरं पाठवायची बंद व्हतील."

"मग काय लिहू?"

त्यांनी कॅसेट घातली. टीव्हीवर रेघा सळसळल्या, मग चित्र उमटलं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पुढं सरकल्या आणि सांगू लागल्या, "लिहा. निळ्या रेघा वरनं खाली येत्यात. मधी एक तारा हाय. तो सावकाश फिरतोय..."

मी लिहीत गेलो.