सतरा इंची चाकं

रविवारी सकाळी इब्रामपूरला आमच्या अंगणात माझी ऑफरोड बाईक नव्या चाकांवर उभी राहिली. फोटो तुम्ही बघितलेत, मीच टाकले होते... खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, पहिली राइड कधी? दोन दिवस तोंड चुकवत होतो, आज उत्तर देतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. गेल्या वर्षी केरीच्या रानात एका चढावर हीच बाईक माझ्या डाव्या पायावर पडली. गुडघ्यात प्लेट बसली, चार महिने अंथरुणात गेले, आणि तेव्हापासून मी वाळपईच्या ऑफिसला बसने जातो. बस वाईट नाही हो... पण स्टॉपवर उभा असताना समोरून बाईक गेली की मी उगाच मोबाईलमध्ये डोकं घालतो.

ही गाडी मुळात उंच. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा. धडधाकट होतो तेव्हाही सिग्नलला चवडेच टेकायचे, आता डावा पाय चवड्यावर भारच घेत नाही. मग डोक्यात किडा शिरला... दोन्हीकडे सतरा इंची रस्त्याची चाकं टाकली की गाडी खाली येईल, पाय पूर्ण टेकतील आणि मी परत माणसात येईन.

जुने पण चांगले रिम मिळाले. हब गाडीचेच ठेवायचे, स्पोक नवे ओवायचे. सगळं घरीच करायचं, कारण मी हुशार ना!

हुशारीचा नमुना ऐका. मागचं जुनं चाक मी उत्साहाच्या भरात पार खोलून टाकलं आणि मग आठवलं, रिम हबच्या नेमक्या मध्यावर नसतो, चेनला जागा मिळावी म्हणून थोडा एका बाजूला सरकवलेला असतो. किती, ते मी मोजलंच नव्हतं. मी आपला मधोमध बसवून मोकळा... टायर चेनला घासायला लागला. छत्तीस स्पोक तीनदा सोडले आणि तीनदा ओवले. बोटांची सालं निघाली, आणि खरं सांगतो, इतक्या सुखात मी वर्षभरात नव्हतो.

डिचोलीच्या लेथवाल्याने फट भरायच्या कड्या, म्हणजे स्पेसर, करून दिले, ते बसले. ब्रेक बसला. गाडी खाली आल्यावर साइड स्टँड लांब पडायला लागला, गाडी उलट्या बाजूला कलंडायची, म्हणून तोही कापून परत वेल्ड केला. दोन महिने गेले यात.

तर रविवार. आमच्याकडे गाडी नवी असो की नुसती चाकं, रस्त्यावर काढण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. शेजारचे शाणूकाका आले. वाडीतल्या सगळ्या गाड्यांची गाऱ्हाणी तेच घालतात. चाकांखाली लिंबं ठेवली, हात जोडले आणि सुरू झाले, "बा देवा महाराजा, ह्या बाबून आपल्या हातान चाकां घातल्यान... ह्येका पयल्यासारखो फिरव, आनी सुखरूप घराक हाड."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. डोळे भरून आले होते.

लिंबं बाजूला केली आणि गाडीवर बसलो. दोन्ही पाय जमिनीला, टाचांसकट. "टेकले मां पाय?" काका म्हणाले, आणि माझी बायको सुलभा कितीतरी दिवसांनी हसली. मी स्टार्टर मारला, क्लच धरला आणि गिअर टाकायला डावा पाय उचलला...

पाय फूटरेस्टवर येईना. गुडघा जेवढा वाकायचा तेवढा वाकला आणि थांबला. पाऊल पुढे अधांतरी, गिअरच्याही पलीकडे. हाताने मांडी धरून ओढून बघितलं, कळ मस्तकात गेली.

चाकं लहान केली की सीट जमिनीच्या जवळ येते. सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर तेवढंच राहतं, एक मिलिमीटर बदलत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळेल. फिजिओच्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं, गुडघा आता याच्यापुढे वाकणार नाही. दोन महिन्यांत कधीही गाडी स्टँडवर घेऊन, बसून, पाय वर ठेवून बघता आलं असतं. नाही बघितलं. मला वाटतं, मला बघायचंच नव्हतं.

"चेन जरा लूज वाटते, गाडी उद्या काढू," असं म्हणून इंजिन बंद केलं. काका नारळाचं खोबरं घेऊन गेले.

सुलभा गेली नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुमच्या ढोपराचा माका म्हायत होता. डॉक्टरांनी माका सांगितल्यानी." मग इतके दिवस का नाही बोललीस, असं मी जरा चढ्याच आवाजात विचारलं. ती म्हणाली, "वर्सभर तुमका ओढून उठवचा लागा. ह्या दोन म्हयन्यांत तुमी पोदेर पाव घेवन येवच्या आदी उठान, कामाक बसलले असात. मी कशाक मोडू तां?"

मी तिथेच रडलो. लपवत नाही.

तेव्हा राइड होणार नाही, ना या महिन्यात, ना नंतर. आता कृपया कुणी हँड गिअरचे व्हिडिओ पाठवू नका, आत्ता तरी नको... आज नऊ वाजले तरी मी अंथरुणातच होतो. सुलभा आली, उठा म्हणाली नाही, नुसती माझा पाय मांडीवर घेऊन गुडघ्याला तेल लावत बसली. तिचे आभार तोंडावर मानायला जमत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.